गुडघ्यांसाठी गेले आणि पिकू घेऊन आले

माझे सासरे मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन महाडला कायमचे राहायला आले, त्याच वर्षी मी त्या घरात सून म्हणून आले. गिरण्यांचा मोठा संप व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. एकाच घरात दोन नवी माणसं एकदम आली आणि सासूबाईंना दोघांचीही सवय एकदमच करून घ्यावी लागली. माझी सवय त्यांना लवकर झाली. मी सकाळी शाळेत शिकवायला जायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या अध्यातमध्यात नसायचे. सासरे मात्र दिवसभर घरात. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, सगळा संसार एप्रिलच्या जयंतीला आणि मे महिन्यात नवरा येईल तेवढ्या दिवसांचा झालेला. आता हा माणूस रोज दिसतो, रोज जेवतो आणि रोज काहीतरी सुचवतो, याचं त्यांना नवल वाटायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामांनी मुंबईहून एक ट्रंक, एक रेडिओ आणि लोखंडी चौकटीची काचेची पेटी आणली होती. कुठल्याशा डॉक्टरच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माशांची पेटी पाहिली आणि तेव्हापासून ती त्यांच्या मनात बसली. पण गिरणीतल्या दहा-बारा गड्यांबरोबर ज्या खोलीत ते राहायचे, तिथे माणसांनाच आळीपाळीने झोपावं लागे. मासे कुठे ठेवणार? म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी पेटी बनवून घेतली आणि गादीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून महाडपर्यंत आणली. काच शाबूत राहिली. बरोबर आणलेले लाल मासे मात्र आठवड्याभरात गेले. मग पेटी बरेच दिवस पडवीत रिकामी होती, आणि आत्यांनी तिच्यात कांदे ठेवायला सुरुवात केली.

मामांचे गुडघे गिरणीत उभं राहून राहून गेलेले. कुणीतरी सांगितलं म्हणून ते दर रविवारी महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला जाऊ लागले. एका रविवारी परत आले ते पंचा खांद्यावर, आणि हातातल्या डब्यात चार मासे. बोटाएवढे लांब, हिरवट पिवळे, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, आणि कपाळावर चांदीचा टिकला. तो टिकला पाण्यातून असा चमकायचा की मासा दिसायच्या आधी तोच दिसायचा. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचं नाव पिकू म्हणून सांगितलं होतं.

आत्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "कालवन किती जनांना पुरंल?"

"हे खायचे नायत. हे पाळायचे," मामा म्हणाले.

आत्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. गुडघ्यांसाठी गेले आणि मासे घेऊन आले, हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलं.

कांदे निघाले, पेटी धुतली, पिकू आत गेले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मामांच्या डोक्यात असं बसलं की हे मासे सवचे, म्हणजे गरम पाण्याचे. मी त्यांना विचारलं की मासे नक्की कुठे धरले. तर ते कुंडापासून चांगले लांब, भाताच्या खाचरालगतच्या चरात धरलेले. मग ते गरम पाण्याचे कसे, असं मी म्हटलं, तर मामा म्हणाले की चरातलं पाणी शेवटी कुंडातूनच आलं असणार. रोज सकाळी ते स्टोव्हवर तपेलीभर पाणी कोमट करून पेटीत ओतायचे. पिकू बिचारे लांबच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहायचे. "बघ मास्तरीणबाई, कसे एकदम आरामात शेकतायत," मामा मला सांगायचे. हे शास्त्र बंद पडलं ते रॉकेल मिळेनासं झालं म्हणून. आत्यांनी स्टोव्ह उचलून आपल्या फळीवर ठेवला. गार पाण्यात पिकू पेटीभर फिरू लागले, आणि मामा म्हणाले, त्यांना आता सवय झाली.

पिकू उडी मारतो, हे आम्हाला माझ्या नवऱ्यामुळे कळलं. ते पोलादपूरच्या एका कचेरीत कारकून होते आणि सकाळच्या गाडीने जायचे. एका सकाळी त्यांनी बुटात पाय घातला आणि तसाच बाहेर काढला. बूट उलटा केला तर आतून पिकू पडला. पेटीपासून बुटापर्यंत तो कसा गेला, कधी गेला, कुणाला ठाऊक नाही. मामांनी त्याला उचलून पाण्यात सोडलं तर तो असा फिरू लागला जसा नुकताच बाजारात जाऊन आलाय. त्या दिवशी ते चपला घालून कचेरीत गेले. मामांनी मग आपल्या मच्छरदाणीचा एक तुकडा कापून पेटीच्या तोंडावर बांधला. मच्छरदाणीला भोक पडलं, मामांना डास चावू लागले, आणि डास खाणारे मासे मच्छरदाणीत सुखरूप राहिले.

यानंतर मामांना पिकूंची पिल्लं हवीशी झाली. मुंबईत त्यांनी गप्पी मासे पाहिले होते, आणि गप्पी थेट पिल्लंच देतात. म्हणून ते रोज पेटीसमोर बसून कुणाचं पोट वाढतंय का ते बघायचे. पण मादी कुठली, इथेच घोटाळा होता. चारांतले दोन रंगाने उजळ, परांना लाल कड. दोन फिके, पाठीवरच्या पराशी काळा डाग. उजळ त्या माद्या, असं मामांनी ठरवलं, कारण त्या नटलेल्या आहेत. आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या की या घरात नटायला वेळ कुणाला असतो ते बघा आणि मग ठरवा. मामांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी दोन्ही "माद्यांना" वेगळं एका बरणीत ठेवलं, म्हणजे निवांत बाळंत होतील. संध्याकाळपर्यंत त्या दोघांनी एकमेकांचे पर फाडून काढले. मामा म्हणाले, सवती आहेत.

चौघांना पुन्हा पेटीत सोडलं. चरातून आणलेलं शेवाळ कुजलं होतं, तेव्हा हिरवाई दिसावी म्हणून मामांनी माझ्याकडे लोकर मागितली. मी नवऱ्यासाठी हिरवा स्वेटर विणत होते. मी थोडी दिली. मामांनी ती उकळून घेतली, तिचे झुबके करून बुचाला बांधले आणि पाण्यावर तरंगत सोडले. झुबके छान दिसू लागले म्हणून त्यांनी आणखी घेतली, मग मला न विचारता आणखी घेतली. स्वेटरची एक बाही कोपरापर्यंतच झाली, आणि तो पुढे कित्येक वर्षं तसाच होता.

काही दिवसांनी त्या लोकरीला बुळबुळीत थर आला. आत्यांना पडवीत वास येऊ लागला. मामा बाजारात गेल्याचं बघून त्यांनी एक झुबका बाहेर काढला, पिळला, आणि मग मला हाक मारली. "बाय, हिकडं ये गो. ह्यांनी पान्यात साबुदाना टाकलाय बग."

लोकरीच्या धाग्यांना खरंच बारीक साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. आत्यांनी एवढं पिळूनही ते फुटले नव्हते. मी एक दाणा बोटावर घेऊन उजेडात धरला. आत दोन काळे ठिपके होते. मी जरा बोट वळवलं तर दाण्याच्या आत काहीतरी हललं. ते डोळे होते. अजून न जन्मलेलं कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मी शाळेत बेडकाचं जीवनचक्र फळ्यावर काढून शिकवायचे, पण असं बोटावर कधी पाहिलं नव्हतं. आत्यांनीही पाहिलं. मग त्यांनी तो झुबका हलक्या हाताने पाण्यात परत ठेवला.

मामांना बाजारातून आल्यावर हे कळलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना राग आला की त्यांच्यामागे पेटीत हात घातला. नंतर पुढचे तीन-चार दिवस ते वस्तीत ज्याला त्याला घरी बोलावून अंडी दाखवत होते. फिके मासे झुबक्यात शिरतात आणि उजळ मासे त्यांच्या अंगाशी लागून थरथरतात, हेही आता दिसलं. माद्या कुठल्या ते उघड झालं. मामांनी तो विषय काढला नाही आणि आत्यांनीही, आश्चर्य म्हणजे, काढला नाही.

एका सकाळी पाण्यावर पापणीच्या केसाएवढी पिल्लं तरंगताना दिसली. प्रत्येकाच्या कपाळावर तेवढासाच टिकला. मामा आंघोळ न करता समोर बसून राहिले. संध्याकाळी मी शाळेतून आले तर एकही पिल्लू नव्हतं आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत उजळ पिकूने, म्हणजे बापानेच, एकेक पिल्लू गिळलं होतं.

"सोताची पोरं खातो," मामा म्हणाले. "त्याला काय म्हनायचं?"

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी तरी कवा सांभाळलीव पोरं? खाल्ली नाय, येवढंच."

मला वाटलं आता भांडण होणार. मामा उठून बसले. मग त्यांनी फळीवरची लोणच्याची रिकामी बरणी काढली आणि विहिरीवर नेऊन राखेने घासायला बसले.

त्या बरणीपासून सुरुवात झाली. रोज झुबके तपासायचे, अंडी चिमटीने उचलून वेगळ्या पाण्यात ठेवायची. आधी एक बरणी, मग तीन, मग पेले, वाट्या, तांबे. काही अंडी पांढरी पडून बुरसायची, म्हणून मामांनी जखमेला लावतात तशी हळद घातली. तेवढ्या बरणीतली अंडी बुंदीसारखी पिवळी झाली आणि त्यांतून काही निघालं नाही. बाकीच्यांतून निघालं. घरात असा नियम झाला की कुठलंही भांडं तोंडाला लावायच्या आधी उजेडात धरायचं. वरंधहून माझे वडील पहिल्यांदाच लेकीच्या घरी आले, त्यांनी फळीवरचा तांब्या उचलला तेव्हा आम्ही तिघेही एकदम त्यांच्या अंगावर धावलो. वडिलांना कारण समजावून सांगितलं. ते हसले, पण मुक्कामभर ते फक्त चहा प्याले, कारण चहा उकळलेला असतो.

पिल्लांना खायला काय द्यायचं, हा पुढचा प्रश्न. पिकूला सगळ्यांत आवडतात डासांच्या अळ्या. मामांनी परसात एक फुटकं घंगाळ ठेवलं, त्यात पाणी आणि वाळका पाला टाकला. महाडच्या डासांना आमंत्रण लागत नाही. थोड्याच दिवसांत घंगाळ वळवळू लागलं. मामा रोज सकाळी गाळणीने अळ्या काढायचे, भाजी खुडावी तशा.

आणि मग हिवतापवाले आले.

तेव्हा हिवताप खात्याचा एक कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघर यायचा. ताप आलाय का विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा, साठलेलं पाणी तपासायचा आणि दारामागच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. आमच्याकडचा कर्मचारी चाळिशीचा, सडपातळ, फार कमी बोलणारा. त्या दिवशी तो परसात गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मी जाऊन बघते तर तो घंगाळापाशी उकिडवा बसला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याने एका भांड्यात इतक्या अळ्या पाहिल्या नसाव्यात.

हे कुणाचं, असं त्याने विचारलं. मामा अभिमानाने म्हणाले, माझं, रोज ताजं निघतं.

कर्मचाऱ्याने घंगाळ पालथं करायला हात घातला. मामांनी दुसरी बाजू धरली. मग मामांनी सगळं समजावलं: पिकू डास खातात, म्हणून पिकू वाढवायचे.

"म्हणजे डास कमी करायला मासे पाहिजेत," तो म्हणाला.

"बरोबर."

"आणि मासे वाढायला डास पाहिजेत."

"एकदम बरोबर."

कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कारण मी विज्ञान शिकवते हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, चहा घेणार का.

चहा होईपर्यंत मामांनी त्याला पेटीसमोर नेऊन बसवलं आणि पळीभर अळ्या पाण्यात सोडल्या. चार टिकले वर आले. पाणी क्षणभर चुळबुळलं आणि अळ्या संपल्या. कर्मचाऱ्याने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तो दोन कप चहा प्याला आणि पळीभर अळ्या त्याने स्वतःही घातल्या. जाताना मात्र त्याने घंगाळ पालथं केलंच. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. कोंबड्यांच्या खुराड्यामागे मामांचं दुसरं घंगाळ होतं, ते त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही दिसलं नाही.

पुढच्या फेरीला तो झाकणाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत चढून गेलं की डोंगरावर गुरं राखणाऱ्यांची एक वाडी होती. तिथे तापाचे रोगी फार निघत होते आणि विहिरीत अळ्या होत्या. त्याने गप्पी नेऊन पाहिले, ते वाटेतच मेले. पिकू टिकतील का, असं त्याने विचारलं. मामांनी बुटाची गोष्ट सांगितली.

रविवारी बरण्यांत वाढलेले पिकू डब्यात भरून आम्ही कर्मचाऱ्याबरोबर निघालो. मामांचे गुडघे चढणीवर कितपत साथ देतील याचा भरवसा नव्हता, म्हणून डबा धरायला मी. पोलादपूरला उतरून घाटाची गाडी धरली आणि मग पायवाटेने चढलो. डब्यात पिकू झाकणावर आतून डोकी आपटत होते, आणि मामा प्रत्येक ठोक्याला त्यांना समजावत होते की आलंच, आलंच.

विहिरीवर वाडीतली माणसं जमली. कर्मचाऱ्याने झाकण काढून डबा काठावर ठेवला आणि मासे दाखवले. सगळ्यांना टिकला आवडला. मग एका वयस्क माणसाने, तोच वाडीचा मोठा दिसत होता, मामांना विचारलं की पाव्हणे कुठले. मामा म्हणाले, महाड. महाडात कुठं? त्या काळात हा दुसरा प्रश्न एकाच गोष्टीसाठी विचारला जायचा. मामांनी आमच्या वस्तीचं नाव सरळ सांगितलं.

मग तो माणूस, अगदी सौम्यपणे, म्हणाला की माशांबद्दल त्यांची काही तक्रार नाही, मासे हवेच आहेत. फक्त डब्यातलं घरचं पाणी विहिरीत पडू नये.

मला डबा उचलून खाली चालू लागावंसं वाटलं. कर्मचारी स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मामा शांतपणे म्हणाले, "मग काय मासं पुसून टाकू?"

तो माणूस तोंड उघडणार, तेवढ्यात डब्यातून एक पिकू उडाला आणि टुपकन विहिरीत गेला. त्यामागे दुसरा उडाला, तो चुकून काठाच्या दगडावर पडला आणि तडफडू लागला. शेजारी हंडा घेऊन उभी असलेली एक म्हातारी वाकली, तिने ओला मासा मुठीत उचलला आणि विहिरीत टाकला.

"त्यो आपल्या पायानं गेला," ती त्या माणसाला म्हणाली. "आता काय उतरून काडतोस त्याला?"

माशाला पाय कुठले, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि आधी बायका हसल्या, मग तो माणूसही. कर्मचाऱ्याने संधी साधली आणि डबा पालथा केला. मासेही गेले, पाणीही गेलं.

निघण्यापूर्वी आम्हाला ताक मिळालं. कर्मचाऱ्याला पितळी पेल्यात, आम्हाला पानांच्या द्रोणात. मी ते पाहिलं, मामांनीही पाहिलं. मामा ताक प्याले, चांगलं झालंय म्हणाले. उतरताना अर्ध्या वाटेवर त्यांना एकदम हसू फुटलं. ते दगडावर बसले आणि हसत राहिले.

"आपल्या घरचं पानी त्यांच्या इहिरीत हाय आता," ते म्हणाले. "ते काय काडता येत नाय."

मीही हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते नक्की कशाचं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

पावसाळ्याआधी कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं की वाडीच्या विहिरीत अळ्या सापडत नाहीत आणि पिकू वाढलेत. त्यानंतर थोड्या दिवसांनी तो वाडीचा मोठा माणूस स्वतःच आमच्या दारात उभा राहिला. त्याच्या मेव्हण्याच्या गावालाही मासे हवे होते. आत्यांनी चहा दिला. तो बराच वेळ कप हातात धरून पेटीकडे बघत होता. मग चहा प्याला. मामांनी त्याला मासे दिले आणि नर-मादी कशी ओळखायची हे, जणू जन्मापासून ठाऊक असल्यासारखं, सविस्तर समजावून सांगितलं.

त्याच पावसात सावित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं. महाडला त्याचं कुणाला फारसं नवल नसतं. धान्य माळ्यावर गेलं, आम्ही खाटांवर चढलो, आणि बघता बघता पेटीच्या कडेवरून आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं. मच्छरदाणीचा तुकडा तरंगत गेला. पिकू पडवीतून उंबऱ्याकडे निघाले, टिकले चमकवत, रांगेने. मामा त्यांना हातवारे करून परत बोलावत होते. एकही वळला नाही.

पाणी ओसरल्यावर वस्तीतल्या प्रत्येक डबक्यात, चरात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात कपाळावर टिकला असलेले मासे दिसू लागले. ते पुराबरोबर कुठूनही आलेले असतील. पण मामा रोज सकाळी काठी घेऊन फिरायचे आणि हा आपला, हा आपला नाही, असं सांगत जायचे. आत्या एकदा त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. मामांनी एका डबक्याकडे बोट दाखवून सांगितलं की तो मोठा आपल्याकडचाच. आत्या म्हणाल्या, मग मारा हाक.

मामांनी खरंच गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाण्यावर बोट आपटलं, घरी खायला घालताना आपटायचे तसं. मासा जागचा हलला नाही. दोघं मग बाजाराकडे गेले.